सहावा हिस्सा

भाग्येश, तू म्हणालास, खरं सांग, तोंडदेखलं नको.
म्हणून सांगते.

उडी चांगली आहे.
बटण दाबून धरलं की तुझा गडी चढत राहतो,
सोडलं की तिथूनच वळतो,
वाऱ्यावरच्या पानासारखा भरकटत नाही,
विहिरीत सोडलेल्या कळशीसारखा येतो खाली,
दोर आपल्या हातात असल्यासारखा.
एवढं जमलं की निम्मा गेम जमला.
तुला जमलंय.

आवाजही.
हेल्मेटमधला श्वास तुझाच ना?
आणि त्यामागची ती लांबलचक घरघर,
दोन रात्री मी ओळखू पाहत होते,
तिसऱ्या रात्री खिडकीशी उभी असताना कळलं:
भुसावळ यार्डातली कोळशाची मालगाडी
तू पाचपट हळू करून आभाळात सोडलीस.

आता बाकीचं.
दुसऱ्या ग्रहावरचा बर्फ उगाच निसरडा.
तीन डोळ्यांचा तो हिरवा प्राणी
पहिल्या ग्रहावर मजेचा वाटतो,
पाचव्यावरही तोच, फक्त जांभळा.
ऑक्सिजनचा आकडा कोपऱ्यात इतका बारीक
की मेल्यावरच दिसतो.
एका झेंड्यापासून दुसऱ्या झेंड्यापर्यंत इतकी मजल
की शेवटच्या दगडावर पाय चुकला
तर वरणगावपासून मुक्ताईनगर पुन्हा पायी.
चौथ्या ग्रहावरची लिफ्ट...
लिफ्टबद्दल मी लिहीत नाही. फोन कर.

आणि सातवा दोष:
उडी मारून उतरला की गडी गुडघे वाकवतो
आणि अर्धा सेकंद ऐकतच नाही.
बटण बडव बडव बडवलं तरी
तो आपला वाकलेला.
वहीत याच्याखाली मी दोनदा रेघ मारली होती.

तेवढ्यात अप्पा आले.
एकतीस वर्षं दीपनगरला, राखेच्या खात्यात.
“काय करू राह्यली?” म्हणाले,
आणि उत्तर न ऐकता स्क्रीनकडे वाकले.
“राख आहे का ही?”
चंद्र आहे, अप्पा.
“रंग बरोबर आहे. पाऊल चूक.”

मग खुर्ची ओढून मला समजावलं,
तळ्यातल्या राखेवर वरून पापडी धरते,
पाय ठेवला की क्षणभर तोलते,
आपल्याला वाटतं, चला, धरलं,
आणि मग मोडते.
“ह्याच्या पायाखाली काही मोडतच नाही.”
एकदा ते गुडघ्यापर्यंत गेले होते.
पाय निघाला. डावा बूट अजून तिथेच आहे.

मी म्हटलं, तिथे वजन सहावा हिस्साच भरतं.
बोटांवर हिशेब केला त्यांनी, बहात्तरचे बारा.
“बारा किलो? केळीचा घड जास्त भरतो.”
आणि कोणी तरी आपल्याला उचलून
पलीकडच्या बांधावर ठेवल्यासारखे
जरा वेळ हसत बसले.

मग म्हणाले, आण इकडे.
त्यांचं बोट दोन बटणांवर एकदम पडतं.
गडी उडाला, खड्ड्यात गेला.
पुन्हा उडाला, पुन्हा गेला.
“तीनच जीव?” असं विचारलं त्यांनी,
जणू स्टोअरमध्ये हातमोजे मोजून देतायत.

पहिला झेंडा आला तेव्हा अकरा वाजले होते.
उतरला, वाकला, थांबला.
मी तोंड उघडणार, तोच अप्पा म्हणाले,
“दम खातो हा. बरं केलंय.
ज्यानं केलं त्यानं बंकरचा जिना चढलाय कधीतरी.”
तू चढलायस का, मला माहीत नाही.
मी काही बोलले नाही.

तर सात नंबर खोडलाय.
पापडीचं बघ, जमलं तर;
पाऊल टेकल्यावर एक क्षण, मग मोडू दे.
आकडा मोठा कर. झेंडे वाढव.
लिफ्ट दुरुस्त केल्याशिवाय हे कोणाला दाखवू नकोस.

आता दीड वाजलाय.
बाहेर चिमणीचा लाल दिवा लागतो, विझतो.
अप्पा दुसऱ्या ग्रहावर घसरतायत
आणि बर्फाला रात्रपाळीतल्या अशा शिव्या घालतायत
ज्या मी या घरात कधी ऐकल्या नव्हत्या.
बर्फाचं अजून ठरवलेलं नाही.